जुने ए-२ जॅकेट पारखताना अतिनील टॉर्चचा उपयोग

अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने १९३१ मध्ये स्वीकारलेल्या ए-२ या चामडी उड्डाण-जॅकेटच्या हुबेहूब नकला आज इतक्या सफाईने बनतात की, केवळ जुनाट दिसणारे लेबल पाहून पैसे मोजणे धोक्याचे ठरते.

१. आधी साध्या उजेडात खिसे पाहावेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ए-२ ला पुढे झाकणाचे दोन खिसे असत. हात उबदार ठेवण्यासाठी बाजूने उघडणारे खिसे नसत, ते असतील तर जॅकेट नंतरचे समजावे. पाठीचे चामडेही साधारणपणे एकसंध असते.

२. मग खोलीत अंधार करून गळ्यामागचे लेबल, ते शिवलेला दोरा आणि अस्तराच्या शिवणी यांवर टॉर्च धरावी. कापडाला व दोऱ्याला शुभ्रता आणणारी चमकद्रव्ये प्रामुख्याने युद्धानंतर सर्रास वापरात आल्यामुळे, नंतरचा दोरा पुष्कळदा निळसर-पांढरा उजळतो, तर जुना सुती दोरा मंदच राहतो. माझ्या मते लेबलाभोवतीची शिवण सर्वांत बोलकी असते, कारण अस्सल जॅकेटवरही लेबल मागाहून शिवलेले आढळते.

मात्र केवळ या चमकेवरून जॅकेट नकली ठरवू नये. आधुनिक डिटर्जंटचा अंश राहिला तरी अस्तर उजळते, आणि मनगटाच्या विणलेल्या पट्ट्या व चेन झिजल्याने बदललेल्या असणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय न चमकणारा दोरा आजही मिळतो. टॉर्चच्या प्रकाशाकडे थेट पाहू नये.