पोरं दुसऱ्या रविवारी येतच नाहीत? या चुका टाळा

नॅशनल पार्क असो नाहीतर खाडीकाठची खारफुटी, मुंबईत सगळीकडे एकच रड, पहिल्या रविवारी सफाईला, झाडं लावायला कॉलेजची पन्नास पोरं आली आणि तिसऱ्याला चारच उरली. पोरांना आवडच नाही असं म्हणून मोकळं होऊ नका, बऱ्याचदा चूक आपलीच असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दर वेळी नवीन जागा. आज बीच, पुढच्या वेळी आरे, मग खाडी, त्यामुळे आपण केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे पोरांना कधी दिसतच नाही. एकच तुकडा द्या, वर्षभर तोच. आमच्या पोरांनी ओढ्याकाठचा एक छोटा पट्टा धरला, पावसात माती मऊ असताना रानमोडी, म्हणजे भराभर पसरणारं परकं तण, मुळासकट उपटली, आणि ऑक्टोबरात एका मुलीचा स्वतःहून फोन, "दादा, परत उगवलीये, फुलं यायच्या आत जाऊया ना." रानमोडीचं बी वाऱ्यावर पसरतं हे तिला एकदाच सांगितलं होतं! वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी २०१५ च्या ऑक्टोबरात सफाई सुरू केली, दर वीकेंडला तोच किनारा, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली.

दुसरं, भरती-ओहोटीचं टाइमटेबल न बघता बोलावणं. आम्ही एकदा सकाळी सातला बोलावलं, पाणी काठोकाठ, पोरं दोन तास नुसती बसून. आणि पुढच्या भरतीला प्लास्टिक परत येणार हे आधीच सांगा, नाहीतर पोरं हिरमुसतात.

एनएसएसवाली (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) पोरं वर्षाच्या १२० तासांसाठी येतात, येऊ दे की, त्यावरून टोमणे मारू नका. सही वेळेवर द्या, तास भरल्यावरही काही जण येतात.

फॉरेस्टच्या जागेत लेखी परवानगीशिवाय पोरं नेऊ नका, आणि बिबट्याचा भाग असेल तर अंधार पडायच्या आत सगळे बाहेर. मुलींसाठी जवळ टॉयलेट कुठे आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा, याच कारणाने कितीतरी मुली परत येत नाहीत आणि कोणी विचारतही नाही.

आणि जुलैत लावलेल्या रोपांना पाणी लागतं फेब्रुवारी ते मे, नेमक्या परीक्षा तेव्हाच, म्हणून पाणी घालायच्या पाळ्या डिसेंबरातच ठरवा, त्यात फर्स्ट इयरची पोरं आणि सोसायटीतले काका-काकूही घ्या.