स्वस्तात हलकी डाउन स्लीपिंग बॅग कशी घ्यावी

डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या वरच्या पिसांखालची मऊ लव. तिच्या तंतूंत हवा अडकून राहते आणि ती हवाच अंगाची ऊब धरून ठेवते. तेवढीच ऊब देणारी सिंथेटिक बॅग वजनाला जास्त भरते आणि सॅकमध्ये जागाही जास्त खाते. पण डाउन भिजली की चपटी होते, ऊब जवळजवळ जाते आणि सुकता सुकत नाही. तुमचे बहुतेक कॅम्प पावसापाण्यात होणार असतील तर डाउनचा नाद सोडा आणि बरी सिंथेटिक बॅग घ्या, पैसेही वाचतील.

डाउनच घ्यायची ठरली तर आधी घरी बसून एक काम करा. जिथे जाणार तिथे रात्री तापमान किती खाली उतरतं ते बघा आणि त्याहून चार-पाच अंश कमी आकडा कागदावर लिहा. बॅगा बघताना हा आकडा हाताशी हवा, नाहीतर जाहिरातीतला बर्फ बघून माणूस गरजेपेक्षा दुप्पट जाड बॅग उचलतो.

आता लेबल. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. सैल अंगाने निवांत झोप लागेल ते कम्फर्ट. अंग आखडून कशीबशी रात्र निघेल ते लिमिट. एक्स्ट्रीम हा जीव वाचण्यापुरता आकडा आहे, झोपेशी त्याचा संबंध नाही. स्वस्त बॅगेवर मोठ्या अक्षरात नेमका हाच छापलेला असतो. तुमचा कागदावरचा आकडा कम्फर्टशी जुळवा. ज्यांना थंडी लवकर वाजते त्यांनी तर लिमिटकडे बघूच नये.

पैसे खरे वाचतात ते पुढच्या पायरीवर. दुकानदार फिल पॉवर सांगतो: ५५०, ६५०, ८००. एक औंस डाउन फुलून किती घनइंच जागा व्यापते, त्याचा हा आकडा. पण आत डाउन किती ग्रॅम भरली आहे हे तो आपणहून क्वचितच सांगतो. ते विचारा आणि दोन्हींचा गुणाकार करा. ८५० फिल पॉवरची ३०० ग्रॅम डाउन म्हणजे २,५५,०००. ६५०ची ४०० ग्रॅम म्हणजे २,६०,०००. आकार आणि शिवण सारखी असेल तर दोन्ही बॅगांची ऊब जवळपास सारखीच, फरक फक्त १०० ग्रॅम वजनाचा. त्या १०० ग्रॅमसाठी ८५०वाली बॅग बऱ्याच चढ्या भावाने विकली जाते. माझ्या मते कमी बजेटवाल्याने ६५०च्या आसपासची, बदकाची डाउन डोळे झाकून घ्यावी. हंसाची डाउन असेल तरच बॅग चांगली, असं काही नाही. फिल पॉवर सारखी असेल तर पक्षी कोणता याने ऊब बदलत नाही. फक्त डाउन आणि पिसांचं प्रमाण वाचा: ९०/१० उत्तम, ८०/२० चालेल. भराईचे ग्रॅम कुठेच दिलेले नसतील तर ती बॅग सोडून द्या.

मग शिवण. आतलं आणि बाहेरचं कापड थेट एकत्र शिवलं असेल तर प्रत्येक टाक्याच्या रेषेत डाउन नसतेच आणि तिथून गार लागतं. उबदार हवेत हे चालून जातं, बॅग हलकी आणि स्वस्तही पडते. पारा शून्याखाली जाणार असेल तर मात्र मधे जाळीच्या उभ्या पट्ट्या घालून केलेले कप्पे हवेत. झिपच्या आतून भरीव पट्टी आहे ना, तेही बघा. अर्ध्या लांबीची झिप वजन कमी करते. बॅग शक्यतो आत झोपून बघा. पाय ताणल्यावर टोकाशी डाउन दबत असेल तर बॅग आखूड आहे. खूप ऐसपैस बॅगही नको, मधली रिकामी हवा अंगालाच गरम करावी लागते.

बॅगेवरच सगळे पैसे संपवू नका. अंगाखालची डाउन भाराने दबते, त्यामुळे जमिनीचा गारवा मॅटच अडवते. फोमची साधी मॅट आर-व्हॅल्यू (गारवा अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) २च्या आसपास देते, कडक थंडीत ४ किंवा त्याहून जास्त हवी. याच कारणाने खालची बाजू नसलेली डाउन क्विल्टही मिळते: आणखी हलकी, आणि बहुधा स्वस्तही. कूस बदलताना कडेने वारा शिरतो, तेवढं सोसता आलं पाहिजे.

सेकंड हँड बॅगेला नाकं मुरडायचं कारण नाही. नीट सांभाळलेली डाउन वर्षानुवर्षं टिकते. बॅग उजेडासमोर धरा: कप्प्यात गोळे आणि मधे रिकामे पारदर्शक डाग दिसले तर डाउन मळलेली किंवा सरकलेली असणार. कुबट वास आला तर परत द्या. शिवणीतून एखादं पीस बाहेर आलं तर बिघडत नाही, मूठभर येत असतील तर बिघडतं.

नवी बॅग घरी आली की पिशवीतून काढून हलकेच झटका आणि दिवसभर पसरून ठेवा. फुगली नाही, किंवा काही कप्पे लुळेच राहिले, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा. टॅग तोवर कापू नका. ठेवायची असेल तर मोठ्या सुती पिशवीत, सैल. आवळलेल्या पिशवीत महिनोन्‌महिने राहिली की डाउनचा फुगवटा कमी होतो.