पीएचडीच्या थिसिसचं सगळ्यांना वाचता येईल असं पुस्तक कसं करायचं

थिसिस झाला, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा झाली, नावापुढे डॉक्टर लागलं की वर्षभरात कधीतरी मनात येतंच, आता याचं पुस्तक करूया. मी प्राध्यापक मंडळींची हस्तलिखितं एडिट करते आणि माझ्याकडे येतात त्यातली बरीचशी म्हणजे अख्खा थिसिसच असतो, फक्त 'प्रस्तुत प्रबंधात' काढून 'प्रस्तुत पुस्तकात' केलेलं असतं. असं नका करू. २००९ च्या युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनंतर थिसिस ऑनलाइन द्यावाच लागतो, तो शोधगंगा या थिसिसच्या वेबसाइटवर फुकट आहे, मग तेच छापून तीनशे रुपयांना कोण घेणार? आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण चार-पाच वर्षं गावोगाव फिरून किंवा दप्तरखान्यात बसून लोकांनी जे शोधलेलं असतं ते भारी असतं, फक्त ते पान १४० वर तक्ता ४.७ च्या खाली दडलेलं असतं.

थिसिस परीक्षकांसाठी लिहिलेला असतो, त्यांना तो शेवटपर्यंत वाचावाच लागतो. पुस्तक घेणाऱ्याला कुठलीच सक्ती नाही, दहाव्या पानावर कंटाळा आला की तो मोबाईल हातात घेतो, संपलं. म्हणून पहिलं काम थिसिस बाजूला ठेवायचा, फाइल उघडायचीच नाही. एका कोऱ्या कागदावर लिहा की हे सगळं करताना तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त आश्चर्य कशाचं वाटलं. गृहीतक नको, उद्दिष्टं नकोत, आश्चर्य. त्यातून जो प्रश्न निघेल तो पुस्तकाचा प्रश्न, आणि सगळी प्रकरणं त्या प्रश्नाच्या मागे लागली पाहिजेत.

मग वाचक ठरवा. 'सर्वसामान्य वाचक' असा कोणी नसतो. तुमच्या ओळखीतला एक माणूस घ्या, बँकेतून रिटायर झालेले काका, झेडपी शाळेतल्या मॅडम, सीए झालेला साडू, कोणीही, फक्त तो तुमच्या विषयातला नको आणि वाचणारा हवा. त्याला समोर बसवून विषय सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. हे मी प्रत्येकाला करायला लावते, कारण बोलताना लोक आपोआप बरोबर जागेवरून सुरू करतात, "अहो, तिथे गंमत अशी आहे की..." असं म्हणतात आणि थेट मुद्द्यावर येतात. तेच लिहायला बसले की 'प्राचीन काळापासून मानवी जीवनात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे'. ते रेकॉर्डिंग ऐका, साडूने कुठे प्रश्न विचारला, कुठे नुसतं हं हं केलं ते लिहून काढा. जिथे प्रश्न विचारला तिथे प्रकरण आहे.

आता एक नमुना जवळून बघू. समजा कोणी धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीवर पीएचडी केलीय, म्हणजे पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून शेकडो वर्षं चाललेलं पाणीवाटप. थिसिसमधलं वाक्य साधारण असं असेल:

"संशोधन क्षेत्रातील पारंपरिक सिंचन व्यवस्थेच्या संस्थात्मक संरचनेचे विश्लेषण करण्यात आले असता लाभधारकांमधील जलवितरणाचे स्वरूप समन्यायी असल्याचे निदर्शनास आले."

आणि पुस्तकात ते असं येऊ शकतं:

"पांझरेवर बंधारा आहे, त्यातून पाट निघतो. पाटाखालची जमीन तीन-चार मोठ्या फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर सगळा ऊस, आणि पिकं फडाफडातून फिरत राहतात. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी कमी असेल त्या वर्षी गाव बसून ठरवतं, अमुक फड यंदा कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा झाला तर सगळ्यांचाच थोडा थोडा होतो. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने आपल्या हाताने घ्यायचं नाही."

दुसऱ्यात 'समन्यायी' कुठेच नाही, पण वाचणाऱ्याला कळलं की वाटप न्यायाने होतं, आणि का होतं तेही कळलं. पहिल्या वाक्यात माणूसच नाही, 'करण्यात आले', 'निदर्शनास आले', कोणी केलं, कोणाला दिसलं? दुसऱ्यात पाट आहे, गाव आहे, पाटकरी आहे, प्रत्येक वाक्यात कोणीतरी काहीतरी करतंय. आणि वाचता वाचता मनात प्रश्न येतो, मग विहिरी आणि पंप आल्यावर याचं काय झालं? बघा, पुढचं प्रकरण मिळालं. तुमच्या ड्राफ्टमध्ये 'आले', 'येते', 'दिसून येते' यांवर सर्च मारा आणि प्रत्येक ठिकाणी कर्ता घाला. कंटाळवाणं काम आहे पण निम्मं पुस्तक यानेच सुधारतं.

थिसिसच्या साच्यातलं काय ठेवायचं? संबंधित साहित्याचा आढावा पूर्ण काढा, त्यातले एक-दोन अभ्यासक ज्यांच्याशी तुमचं खरंच भांडण किंवा सहमती आहे तेवढे मजकुरात येऊ द्या. संशोधन पद्धती मात्र टाकू नका, ती गोष्ट म्हणून सांगा. कागद कुठे सापडला, कोणी आधी बोलायला नकार दिला, दोन माणसांनी एकच घटना दोन तऱ्हेने सांगितली तेव्हा कोणाचं धरलं आणि का. वाचकाला हे फार आवडतं, आणि तुमच्यावर विश्वास बसतो तोही यामुळेच. तक्ते प्रकरणाला एखादाच, बाकी परिशिष्टात. आकडा दिलात तर तो एवढासा की मोठा हे लगेच कळू द्या, ४२.३ टक्के म्हणण्यापेक्षा दहातली चार घरं म्हणा, नेमका आकडा टिपांमध्ये राहू दे. टिपा मागे न्या पण उडवू नका, कारण सोपं लिहिणं म्हणजे पुरावा न देणं असा समज काही जणांचा असतो आणि मग पुस्तक पोकळ होतं.

"सोपं लिहिलं तर डिपार्टमेंटमधले लोक काय म्हणतील" ही भीती मला सगळ्यात जास्त ऐकू येते. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९५३ चं, पक्कं अकॅडेमिक. त्याच बाईंनी मराठीत 'युगान्त' लिहिलं. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली, हाताशी धरून, पण मांडणी गांधारी, कुंती, द्रौपदी अशी एकेका माणसाची. कूळ, लग्नं, वारसा यांचा सगळा अभ्यास आत आहे, फक्त तो गांधारीचं काय झालं यातून येतो. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि आजही लोक वाचतात. तुमच्या विषयात कोणती माणसं आहेत ते शोधा. आकडेवारीचा विषय असला तरी तो आकडा ज्याच्या घरात घडला ते घर असतंच.

अजून एक गोष्ट, हुद्द्याचा उपयोग इथे नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, कारण जगभर नाव असलेल्या शास्त्रज्ञाची म्हणून ती निवडली जाऊ नये. पहिलं बक्षीस मिळालं. तुम्ही पण एक प्रकरण नाव, डिग्री, कॉलेज काही न लिहिता तीन-चार जणांना द्या. "छान आहे सर" ऐकायचं नाही, एवढंच विचारा की वाचायचं कुठे थांबावंसं वाटलं, तिथे पेन्सिलने रेघ मारा. दोघांची रेघ एकाच जागी आली तर ती जागा पुन्हा लिहायची, वाद घालायचा नाही.

लोकांच्या मुलाखती घेतल्या असतील तर हे नीट वाचा. त्यांनी परवानगी दिली होती ती अभ्यासासाठी. थिसिस त्यांच्या गावात कोणी वाचत नाही, मराठी पुस्तक मात्र त्यांच्या तालुक्याच्या वाचनालयात जाणार, शेजारी वाचणार, भावकी वाचणार. परत जा, त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवा, नाव ठेवायचं की बदलायचं विचारा, फोटोचं वेगळं विचारा. नुसतं नाव बदलून भागत नाही, गावात एकच महिला पाटकरी असेल तर सगळ्यांना कळतंच.

अख्खं पुस्तक लिहायच्या आधी एक लेख करून बघा, दीड-दोन हजार शब्दांचा, रविवारच्या पुरवणीसाठी, एखाद्या साप्ताहिकासाठी किंवा दिवाळी अंकासाठी. दिवाळी अंकाचं जुळवायचं तर उन्हाळ्याच्या सुट्टीतच लिहून ठेवा, ऑक्टोबरात संपादकांना फोन करून काही होत नाही. लेखावर वाचकांचे फोन-मेल येतात त्यातून पुस्तकात काय हवं ते कळतं, शिवाय प्रकाशकाला दाखवायला हातात काहीतरी राहतं.

प्रकाशकाला चारशे पानांची पीडीएफ पाठवू नका. दोन पानांत पुस्तक काय आहे, कोण वाचेल, तुम्हीच का लिहिताय, मग प्रकरणांची यादी दोन-दोन ओळींसकट आणि एक पूर्ण लिहिलेलं प्रकरण, तेही पहिलंच पाहिजे असं नाही, सगळ्यात चांगलं पाठवा. प्रमोशनच्या पॉइंट्ससाठी पैसे घेऊन आयएसबीएनसकट, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-नंबरासकट, थिसिस जसाच्या तसा छापून देणारे बरेच आहेत. त्यांच्याकडे गेलात तर पुस्तक तुमच्या कपाटातच राहतं, कारण त्यांना वाचकापर्यंत जायचंच नसतं. आणि आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर तिथेच थांबा.

करार वाचल्याशिवाय सही नाही, सर असलात तरी. छापील, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की हक्क किती काळासाठी दिले ते करारात लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांसाठी धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणून 'कायमस्वरूपी', 'सर्व माध्यमांत' असे शब्द दिसले की थांबून विचारा. रॉयल्टी किती टक्के, छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, हिशेब वर्षातून कधी, आवृत्ती संपल्यावर पुन्हा छापली नाही तर हक्क परत कधी, हे सगळं कागदावर पाहिजे.

शेवटची प्रुफं आली की सूची करा, म्हणजे कोणता शब्द कोणत्या पानावर आहे त्याची पुस्तकाच्या शेवटची यादी. मराठी पुस्तकांना बऱ्याचदा ती नसतेच आणि अभ्यासकाच्या पुस्तकाला तरी असायलाच हवी, गावं, माणसं, पिकं, नद्या सगळं. पानांचे नंबर पक्के झाल्यावरच सुरू करा, आणि प्रकाशकाला आधीच सांगून ठेवा की त्यासाठी आठ-दहा पानं धरा, नाहीतर ऐनवेळी फॉर्म (छपाईचा ताव) भरला, आता जागा नाही असं ऐकावं लागतं.