बीटल्सचं फोर्टात वाजलेलं गाणं कसं ऐकायचं

बीटल्स, म्हणजे साठच्या दशकातला तो लिव्हरपूलचा चौघांचा बँड, म्हटलं की आपल्याकडे लोकांना ऋषिकेश आठवतं, महर्षी आठवतात, फार तर रविशंकर आणि सतार. पण त्यांच्या एका गाण्यातली सगळी वाद्यं आपल्या मुंबईत, फोर्टात, फिरोजशाह मेहता रोडवरच्या एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत वाजली आहेत, हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्यातले बहुतेक जण आधी 'काहीतरीच काय' म्हणाले आणि मग मोबाइल काढून शोधायला लागले. गाण्याचं नाव 'दि इनर लाइट'. मार्च 1968 मध्ये 'लेडी मॅडोना'ची सिंगल आली तिची बी-साइड, म्हणजे छोट्या तबकडीची मागची बाजू. लोक शोधतात, वीस सेकंद ऐकतात, 'छान आहे, आपल्यासारखंच आहे' म्हणतात आणि बंद करतात. ते वीस सेकंदांत बंद करणं मला बघवत नाही, म्हणून हे लिहितोय. गाणं आहेच मुळात दोन मिनिटं छत्तीस सेकंदांचं, त्यातलंही अर्ध्याहून जास्त टाकून द्यायचं म्हणजे काय!

आधी गाणं सापडायला हवं. रिव्हॉल्व्हर, सार्जंट पेपर, व्हाइट अल्बम, ॲबी रोड असं सगळं ओळीने ऐकत गेलात तरी हे तुम्हाला भेटणार नाही, कारण ते यातल्या कुठल्याच अल्बमवर नाही. माझ्या ओळखीत वीस-वीस वर्षं बीटल्स ऐकणारे लोक आहेत ज्यांच्या कानावर हे गाणं पडलंच नव्हतं, ते यामुळेच. 'पास्ट मास्टर्स' नावाचा संग्रह आहे, सिंगल म्हणून आलेली आणि अल्बमवर न घेतलेली गाणी त्यात एकत्र केली आहेत, त्याच्या दुसऱ्या भागात बघा. ओरिजिनल रेकॉर्ड मिळाली तर नशीबवान आहात, पण त्यासाठी अडून बसू नका.

आता थेट हे गाणं लावायचं नाही. आधी 'लेडी मॅडोना' लावा, पूर्ण ऐका. पियानो धडाधड चाललाय, मध्ये सॅक्सोफोन, सगळं ठसक्यात. ते संपलं की दहा सेकंद थांबा. त्या काळात माणूस उठायचा, सुई उचलायचा, तबकडी उलटी करायचा आणि परत सुई ठेवायचा, त्याला एवढा वेळ जायचाच. इंग्लंडमधल्या एखाद्या पोराने बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीच्या पियानोसाठी पैसे मोजून रेकॉर्ड घरी आणली, नाचून झालं, बघू मागे काय आहे म्हणून उलटवली आणि घरात पखवाज आणि शहनाई! हा धक्का प्लेलिस्टमध्ये लागत नाही, म्हणून ते दहा सेकंद पाळायचे. आणि त्या चौघांतल्या जॉर्ज हॅरिसनने लिहिलेलं गाणं बीटल्सच्या सिंगलवर आलं ते हे पहिलंच, तेही अशा वाद्यांसकट. अमेरिकेत ही मागची बाजू स्वतःच्या नावावर यादीत 96 नंबरपर्यंत गेली, आकडा लहान आहे पण मला त्याचं फार कौतुक वाटतं.

पहिल्या ऐकण्यात फक्त चाल ऐका, म्हणजे जॉर्ज काय गातोय तेवढंच. पॉल मॅकार्टनीने तेव्हा असंच काहीसं सांगितलं होतं, की भारतीय संगीत वगैरे क्षणभर विसरा आणि चाल ऐका, किती सुंदर आहे. मला यातलं अर्धं पटतं. चाल खरोखर साधी आहे, एखाद्या लहान मुलाला झोपवताना म्हणावी अशी, आणि आपल्या लोकांची गंमत अशी होते की शहनाई-सरोद ऐकू आलं की डोकं लगेच राग शोधायला लागतं, हा खमाज की काफी, आणि त्या नादात चाल हातातून निसटते. राग शोधू नका. जॉर्ज काही बंदिश बांधत नव्हता, तो गाणं करत होता. पण 'भारतीय संगीत विसरा' हे मात्र फक्त पहिल्या ऐकण्यापुरतंच, कारण दुसऱ्या वेळी नेमकं तेच ऐकायचंय.

दुसऱ्या वेळी हेडफोन हवेतच, मोबाइलच्या स्पीकरवर पखवाज नुसता टकटक वाजतो. सुरुवातीला काही सेकंद सूर रेंगाळतात, लय नाही, आणि मग एकदम ताल उसळतो, सरोद आणि शहनाई एकमेकांच्या पाठी धावल्यासारखे वाजतात. आणि मग बघा काय होतं, आवाज सुरू व्हायच्या आधी सगळं शांत होतं, लय बसते, शहनाई बाजूला होते, पुढे येतात बासरी आणि पेटी. कडवं संपलं की परत ती धावपळ, परत शांत. असं दोनदा. मला हे कळायला बरेच दिवस लागले, पण एकदा लक्षात आलं की सुटत नाही: बाहेर रस्ता धावतोय आणि मग कोणीतरी दार लावून आत येऊन बसतंय. शब्दही तेच म्हणतायत, त्याच्याकडे येतोच.

वाजवणारे कोण ते माहीत असलं तर ऐकण्यात फरक पडतो. सरोद आशिष खान, म्हणजे अली अकबर खानसाहेबांचे चिरंजीव. पखवाज महापुरुष मिश्र. आणि बासरी हरिप्रसाद चौरसिया! हरिजी तेव्हा 29 वर्षांचे होते. आपण त्यांना सवाईच्या मंडपात तासन् तास ऐकलेले लोक, इथे ते काही ओळींपुरते येतात, आवाजाच्या मागे मागे राहतात, कुठेही पुढे घुसत नाहीत. दुसऱ्या कडव्यात गाण्याकडे लक्षच देऊ नका, फक्त बासरीचा पाठलाग करा. मी हे असं दहाएक वेळा केलं असेल आणि दर वेळी वाटतं की संगत करावी तर अशी.

खुद्द जॉर्जने यात काही वाजवलेलं नाही, सतारसुद्धा नाही. सप्टेंबर 1966 मध्ये तो रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला होता, पण जानेवारी 1968 मध्ये आला तो 'वंडरवॉल' नावाच्या सिनेमाचं संगीत करायला, आणि तेव्हाच सिनेमाचं काम चालू असताना हेही रेकॉर्ड करून घेतलं. बीटल्सच्या गाण्याचं युरोपबाहेरच्या स्टुडिओत झालेलं काम म्हणजे एवढं एकच, आणि ते आपल्या फोर्टात, मला तर याचा अभिमान वाटतो बाबा. तिथून टेप घेऊन तो लंडनला गेला आणि 6 फेब्रुवारीला ॲबी रोडवरच्या स्टुडिओत त्यावर गायला.

तिसरं ऐकणं शब्दांसाठी. शब्द जॉर्जचे पूर्ण स्वतःचे नाहीत, ते चीनच्या ताओ ते चिंग या प्राचीन ग्रंथातल्या 47 व्या प्रकरणावर बेतलेले आहेत, आणि ते त्याच्यापर्यंत पोचले कसे ही गोष्ट मला फार आवडते. केंब्रिजला हुआन मास्कारो नावाचे संस्कृतचे अभ्यासक होते, मूळचे स्पेनच्या मायोर्का बेटावरचे, पेंग्विनने काढलेला गीतेचा इंग्रजी अनुवाद त्यांचाच. 1967 च्या शरदात जॉर्ज आणि बीटल्समधलाच जॉन लेनन टीव्हीवर ध्यानाविषयी बोलले त्यानंतर मास्कारोंनी जॉर्जला पत्र पाठवलं, सोबत स्वतः संपादित केलेलं एक पुस्तक, आणि सुचवलं की यातल्या ताओच्या ओळी तुमच्या संगीतात बसवून बघा ना. आणि त्याने बसवल्या! म्हणजे चिनी वचन, गीतेचा अनुवाद करणाऱ्या स्पॅनिश माणसाने पाठवलेलं, लिव्हरपूलच्या पोराने चाल लावलेलं आणि मुंबईत वाजलेलं.

अर्थ साधारण असा, की दाराबाहेर पाऊल न टाकता सगळं जग जाणता येतं, खिडकीतून न डोकावता आकाशाची वाट कळते, आणि माणूस जितका दूर जातो तितकं त्याला कमी कळतं. ऐकताना एका शब्दाकडे लक्ष ठेवा. पहिल्या कडव्यात दार 'माझं' आहे, दुसऱ्या कडव्यात तेच दार 'तुझं' होतं. बाकी ओळ जवळजवळ तीच. हा बदल जॉर्जने मुद्दाम केला, आधी मी, मग तू. मी हे गाणं कितीतरी वर्षं ऐकत होतो आणि ते 'तुझं' कधी ऐकलंच नव्हतं, एकदा रात्री एसटीत नगरच्या पुढे कुठेतरी हेडफोनवर ऐकताना ते अचानक कानात शिरलं आणि मी उठून ताठ बसलो, गाणं जणू आत्तापर्यंत कोणा दुसऱ्याशी बोलत होतं आणि आता मान वळवून माझ्याकडे बघतंय.

मग शेवट. दोन कडवी झाली, परत एकदा वाद्यं धावली, आणि तीन छोट्या ओळी येतात, प्रवास न करता पोच, न बघता सगळं बघ, काही न करता सगळं कर. यातल्या अगदी शेवटच्या ओळीवर आवाज वाढवा. तिथे जॉर्ज एकटा नाही, पॉल आणि जॉन त्याच्यासोबत आहेत. हे दोघे 8 फेब्रुवारीला येऊन तेवढं गायले. त्याच्या दोन दिवस आधीची हकीकत अशी, की जॉर्ज गायलाच तयार नव्हता, आपल्या आवाजाने या गाण्याला न्याय मिळणार नाही असं त्याला वाटत होतं, आणि पॉलने त्याला सांगितलं की अरे गाऊन तर बघ, काळजी करू नको, चांगलं आहे. त्या वेळी स्टुडिओत टेपवर काम करणाऱ्या माणसाने ही आठवण सांगितली आहे. हे माहीत झाल्यावर पहिली ओळ ऐका. आवाज जपून टाकलेला आहे, कुठेही ताणलेला नाही. आणि शेवटी दोन मित्र शेजारी येऊन उभे राहतात, तेही एकाच ओळीपुरते. पुढे हे चौघं कसे वेगळे झाले ते आपल्याला माहीत आहे, म्हणून मला ती ओळ कधी सहज ऐकून सोडून देता येत नाही.

ज्यांना वाद्यांची जास्त आवड आहे त्यांनी 'वंडरवॉल म्युझिक', म्हणजे त्याच सिनेमाच्या संगीताचा अल्बम, त्याची 2014 ची आवृत्ती शोधा, तिच्यात याच गाण्याचा एक वेगळा, बिनगाण्याचा टेक आहे. आवाज नसल्यामुळे आशिष खान काय करतायत ते स्वच्छ कळतं. आणि नोव्हेंबर 2002 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलला जॉर्जच्या पहिल्या स्मृतिदिनी त्याचा गायक मित्र जेफ लिन आणि अनुष्का शंकर यांनी ते वाजवलं तेही बघा, पण आधी मूळ नीट मुरू द्या.

मुंबईत असाल तर एक काम मात्र नक्की करा. जॉर्जने नंतर सांगितलं होतं की फोर्टातला तो स्टुडिओ ऑफिसांच्या वरच्या मजल्यावर होता, बाहेरचा आवाज अडत नव्हता, संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावर लोकांच्या पावलांचा इतका धडधडाट व्हायचा की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. तर कामाच्या दिवशी सव्वापाचला पी. एम. रोडवर, म्हणजे त्याच फिरोजशाह मेहता रोडवर, जाऊन उभे राहा. गाणं आधीच लावायचं नाही. साडेपाच वाजू द्या, माणसं बाहेर पडू द्या, डबे, छत्र्या, पाठीवरच्या बॅगा, सगळे चर्चगेट नाहीतर सीएसएमटी गाठायला निघालेले. चालणाऱ्यांच्या पायांचा आवाज मनभर ऐका, हाच तो आवाज ज्याच्यासाठी जॉर्ज हॅरिसन हात बांधून थांबायचा. आणि मग कानात गाणं लावा. सुरुवातीची ती उसळी आणि समोरची गर्दी एका लयीत येतात, आणि कडवं सुरू झालं की गर्दी तिथेच असते पण तुम्ही आत गेलेले असता.

शेवटची गोष्ट, हे गाणं अशा कोणालातरी ऐकवा ज्याला बीटल्सचं काही देणंघेणं नाही, आणि नाव अजिबात सांगू नका. मी आमच्या काकांना ऐकवलं. काका गावाकडे भजनी मंडळात पेटी वाजवतात, इंग्रजी गाणं म्हटलं की टीव्हीचा आवाज कमी करतात. त्यांनी हेडफोन घातले आणि डोळे मिटले, पहिल्या धावपळीला काही नाही, कडवं सुरू झालं तशी उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. संपल्यावर पहिला प्रश्न, 'पेटी कोणाची रे?' मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, थांब, परत लाव. दुसऱ्यांदा ऐकता ऐकताच उठले, पेटी ओढली, भाता सोडला, दोन-तीन पट्ट्या चाचपल्या आणि काळी दोनवर सूर धरला. 'जितका दूर जातो' ची जी ओळ आहे ना, तिथे अडकले, एक सूर चुकला, परत घेतला, परत चुकला. मग माझ्याकडे न बघताच हात पुढे केला, म्हणाले तेवढंच लाव, मधलं, तो परत परत सांगतोय ना काहीतरी, तेवढंच.