खणाच्या कापडाची फाइल नीट मिटावी म्हणून

वीजबिले, विम्याचे कागद आणि मुलांची प्रगतिपुस्तके ठेवण्याच्या पुठ्ठ्याच्या दोन कड्यांच्या फाइलला हौसेने कापड चढवले की ती पुष्कळदा नीट मिटत नाही, कारण ते कापड फाइल उघडी पसरून चिकटवलेले असते.

१. उरलेला खण किंवा जुनी सुती साडी धुऊन, इस्त्री करून, उघड्या फाइलपेक्षा चारही बाजूंनी अडीच सेंटीमीटर जास्त कापावी. काठ फाइलच्या कण्यावर, म्हणजे दोन पुठ्ठ्यांमधल्या उभ्या पट्टीवर, उभा येईल असे बेतल्यास वेगळी सजावट लागतच नाही.

२. फेव्हिकॉल कापडाला नव्हे, पुठ्ठ्याला सपाट ब्रशने पातळ लावावा. जाड थर विणीतून वर येतो आणि वाळल्यावर चकाकणारे डाग राहतात.

३. आधी फक्त कणा चिकटवावा. मग आत जुनी वर्तमानपत्रे भरून फाइल मिटावी आणि तशा मिटलेल्या स्थितीतच दोन्ही बाजूंचे कापड हाताने सारखे करत कडेपर्यंत न्यावे, म्हणजे घडीजवळ हवी तेवढी ढील आपोआप राहते.

४. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापुढे तीन-चार मिलिमीटर कापड राखावे, नाहीतर टोक उघडे पडते. कडा आत दुमडून कपड्यांच्या चिमट्यांनी रात्रभर धरून ठेवाव्यात आणि सकाळी आतून कार्डपेपर लावावा.

गडद खण ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी चोळून पाहावा; रंग सुटत असेल, तर तो महत्त्वाच्या कागदांच्या फाइलला वापरू नये.