वाळवंटातील खाण-वस्तीचा इतिहास कसा लिहावा : माउंटन पासचे उदाहरण

लॉस एंजेलिसहून लास व्हेगासकडे जाणारा आंतरराज्य महामार्ग १५ मोहावी वाळवंट ओलांडून नेवाडाच्या हद्दीजवळ येतो, तेथे कॅलिफोर्नियाच्या बाजूला माउंटन पास ही खिंड आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या दशकापर्यंत दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या (रेअर अर्थ्स या धातूंच्या गटाच्या) जागतिक पुरवठ्याचा मोठा वाटा या खिंडीतील एकाच खाणीतून येत असे. खाणीची जंत्री कोठेही मिळते. तेथे राबलेल्या माणसांचा इतिहास मात्र निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेला आहे आणि तो घरबसल्या बऱ्याच अंशी कसा गोळा करता येतो, हे येथे सांगितले आहे.

सर्वांत आधी ‘वस्ती’ कोणाला म्हणायचे ते ठरवावे, कारण येथे नगरपालिका कधीच नव्हती आणि खाणीतले अनेक कामगार नेवाडात, विशेषतः ऐंशी-नव्वद किलोमीटरवरील लास व्हेगासच्या परिसरात राहून पाळीला येत-जात आले आहेत. नकाशावरच्या ठिपक्याभोवती वर्तुळ आखून त्यातलीच माणसे मोजली, तर वस्ती जवळजवळ शून्य भरेल. म्हणून महामार्गावरील बेकर व प्रिम ही छोटी ठिकाणे आणि लास व्हेगास यांना जोडणारा सगळा पट्टाच अभ्यासाचे क्षेत्र धरावा. काळाची सुरुवातही १९४९ पासून, म्हणजे येथील खनिजाचा शोध लागला त्या सालापासून, करू नये. खिंडीजवळील क्लार्क पर्वताच्या परिसरात १८६० च्या दशकातच चांदीसाठी खाणपट्टे आखले गेले होते, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून हा मुलूख दक्षिण पायूट व चेमेहुएवी या मूळनिवासी लोकांच्या वावराचा होता. ‘ओसाड जागी खाण आली आणि माणसे आली’ हे कंपन्यांच्या पत्रकांतले आवडते वाक्य आहे. ते जसेच्या तसे उचलू नये.

१९४९ मध्ये गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे उपकरण) घेऊन युरेनियम शोधणाऱ्यांना सल्फाइड क्वीन या सोन्याच्या जुन्या खाणीच्या परिसरात किरणोत्सारी खडक सापडला. तो युरेनियमचा निघाला नाही, बॅस्टनेसाइट या दुर्मीळ मृदांच्या खनिजाचा निघाला. ही हकिकत सांगताना जोडीने विचारावे की या शोधाला तेव्हा एवढी किंमत का आली. अमेरिकी उद्योग तोवर भारत व ब्राझीलमधील मोनाझाइट या दुर्मीळ मृदांच्या दुसऱ्या खनिजाच्या वाळूवर अवलंबून होता, आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताने अणुइंधनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या या वाळूच्या निर्यातीवर निर्बंध आणले. त्याच वाळूसाठी भारतात १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा धागा ओळखीचा वाटावा. भूरचनेसाठी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा १९५४ चा ‘प्रोफेशनल पेपर २६१’ संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. त्यातले खनिजशास्त्र जड वाटले तरी आधीच्या खाणकामाविषयीची माहिती आणि सोबतचे नकाशे चुकवू नयेत, कारण कारखाना विस्तारण्यापूर्वीचा परिसर त्यांतून समजतो.

पुढचा अडथळा कंपनीच्या नावांचा आहे. मॉलिब्डेनम कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने १९५२ मध्ये उत्पादन सुरू केले. तिचेच पुढे मॉलीकॉर्प झाले. १९७७ मध्ये ती युनियन ऑइलकडे गेली, २००५ मध्ये शेव्हरॉनकडे, २००८ मध्ये मॉलीकॉर्प मिनरल्स या नव्या कंपनीकडे. २०१५ मध्ये मॉलीकॉर्पने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१७ मध्ये खाण आजच्या एमपी मटेरियल्सच्या हाती आली. एकाच नावाने शोध घेतला तर निम्मी दप्तरे हाती लागत नाहीत, म्हणून प्रत्येक दशकासाठी त्या-त्या वेळचे नाव वापरावे. २०१० नंतरच्या काळासाठी अमेरिकी भांडवल बाजार नियामकाकडे भरलेली वार्षिक विवरणे ‘एडगर’ या संग्रहात सर्वांना खुली आहेत. त्यांत नोकरांची संख्या आणि कंपनीला वाटणारे धोके लिहिलेले असतात, आणि पत्रकांपेक्षा ती पुष्कळ प्रामाणिक असतात, कारण तेथे खोटे लिहिणे कायद्याने महागात पडते.

मालकांच्या या यादीशेजारी मागणीची नोंद ठेवावी. १९६० च्या दशकाच्या मध्यास रंगीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील लाल रंगासाठी युरोपियम हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्य लागू लागले आणि खाणीचा विस्तार झाला. पुढे चीनचा स्वस्त माल बाजारात आला. रोजगार कधी वाढला आणि कधी आटला, याचा निम्मा उलगडा एवढ्यात होतो.

उरलेला निम्मा पाण्याच्या दप्तरात आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ तेथेच द्यावा. कारखान्याचे सांडपाणी सुमारे १४ मैलांच्या नळातून आयव्हनपाच्या कोरड्या तलावातील बाष्पीभवन तळ्यांकडे नेले जात असे. या नळात क्षारांचे थर साचत. १९९६ मध्ये ते काढण्याचे काम चालू असताना नळ फुटला आणि किरणोत्सारी अंश असलेले पाणी वाळवंटात पसरले. पुढील चौकशीत १९८४ ते १९९८ या काळातील साठेक गळत्या आणि सुमारे ६ लाख गॅलन सांडपाणी असा हिशेब पुढे आला. १९९८ मध्ये रासायनिक विलगीकरण (खनिजातून मूलद्रव्ये वेगळी काढण्याचे काम) थांबले आणि २००२ मध्ये खाण बंद झाली. बंद पडण्याचे खापर केवळ चीनवर किंवा केवळ पर्यावरणाच्या नियमांवर फोडणारी लेखणी दोन्हीकडे सापडते. या भागातील पाण्याच्या दर्जावर देखरेख करणाऱ्या लाहोंटन प्रादेशिक जलगुणवत्ता मंडळाचे आदेश तारखांनुसार लावून त्यांच्याशेजारी चिनी निर्यातीचे आकडे ठेवले, तर दोन्ही कारणे एकमेकांत कशी गुंतली ते दिसते.

माणसांपर्यंत पोहोचण्याचा खात्रीचा रस्ता खानेसुमारीचा आहे. अमेरिकेत व्यक्तिगत नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे १९५० ची खानेसुमारी एप्रिल २०२२ पासून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहता येते. ती शोध लागल्यानंतरची, पण उत्पादन सुरू होण्याआधीची असल्याने ‘खाणीपूर्वीचा’ मुलूख तिच्यात गवसतो. केवळ आडनावे शोधत बसू नये. आधी गणना-विभागाचा (एका गणकाकडे सोपवलेल्या क्षेत्राचा) नकाशा उघडावा, सॅन बर्नार्डिनो परगण्याचा योग्य विभाग निवडावा आणि त्याची पाने ओळीने चाळताना व्यवसाय व जन्मस्थान हे रकाने वहीत उतरवून घ्यावेत. याच्या जोडीला जुने स्थलदर्शक नकाशे आणि १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रे एकावर एक ठेवल्यास खड्डा व तळी कशी वाढत गेली ते समजते. गॉफ्स येथील मोहावी वाळवंट वारसा संस्थेचा संग्रहही विसरू नये. स्थानिक माणसांनी जपलेली सामग्री सरकारी दप्तरांत न आढळणाऱ्या बाजू दाखवते.

जुन्या कामगारांशी बोलण्याची संधी मिळाली तर ‘तेव्हा कसे वाटायचे’ असे विचारू नये. त्याला ठरीव उत्तर येते. पाळी किती वाजता सुटे, गाडी कोणाची, मुले कोणत्या शाळेत, खाण बंद झाल्यावर पहिली नोकरी कोठे मिळाली, असे विचारावे. सांगितलेली साले वर दिलेल्या मालकांच्या यादीशी ताडून पाहावीत, कारण बहुतेकांच्या आठवणीत कंपनीचे नाव नेहमी मॉलीकॉर्पच असते, मग साल कोणतेही असो. प्रकृतीच्या तक्रारी किंवा न्यायालयीन दावे यांविषयी लेखी संमतीशिवाय नाव छापू नये.

लिहायला घेताना प्रकरणे मालकांनुसार न पाडता उत्पादन चालू असण्याच्या आणि थांबण्याच्या काळांनुसार पाडावीत. १९५२ ते २००२ आणि २०१८ मधील पुनरारंभानंतरचा काळ यांना सामग्री भरपूर आहे. मधल्या वर्षांतही खाण पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा तो काळ एका ओळीत उरकू नये. पहिल्या पिढीतील कामगारांची नावनिशी मात्र १९६० च्या खानेसुमारीत आहे, जी एप्रिल २०३२ मध्ये खुली होईल. तोवर त्या प्रकरणात आकडे वृत्तपत्रांतून घ्यावे लागतील आणि प्रत्येक आकड्यापुढे त्या अंकाची तारीख नोंदवावी लागेल.