मोबाइल ब्राउझरसाठी डिझाइन करताना आधी तळ बघा

कोणी मोबाइल वेबसाइटचं डिझाइन तपासायला पाठवलं, की मी आधी स्क्रीनचा तळ बघते. फिग्मा या डिझाइनच्या साधनातली चौकट रिकामी असते; खऱ्या फोनवर ब्राउझरने आधीच पथारी पसरलेली असते. वर अ‍ॅड्रेस बार, खाली टूलबार, नव्या आयफोनवर तळाची आडवी रेघ. त्यात २०२१ मध्ये आयओएस १५ आलं आणि आयफोनच्या सफारीने अ‍ॅड्रेस बारच खाली आणला. 'पुढे जा'चं बटण तळाला चिकटवण्यापूर्वी हे सगळं चौकटीत काढून घ्या.

पहिल्या स्क्रीनची उंची १०० व्हीएच (vh, म्हणजे कोडमध्ये स्क्रीनची पूर्ण उंची) दिली, की घोळ होतो. स्क्रोल केल्यावर ब्राउझरचा बार आकसतो; मोबाइल ब्राउझर हे माप तो आकसलेला धरून काढतात. पान नुकतं उघडतं तेव्हा बार पूर्ण असतो, त्यामुळे तेवढी पट्टी स्क्रीनबाहेर जाते आणि नेमकं त्याच पट्टीत आपलं बटण असतं. इथे १०० एसव्हीएच (svh) हे माप द्या. ते बार पूर्ण धरून मोजतं. डीव्हीएच (dvh) हे तिसरं माप बारबरोबर बदलत राहतं, स्क्रोल करताना मांडणी हलते, म्हणून लांब पानांवर मी ते टाळते. तळाच्या रेघेसाठी सेफ एरिया इनसेटचं, म्हणजे फोनने त्या रेघेसाठी राखलेल्या जागेएवढं, पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. सोबत पानाच्या कोडमधल्या व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये व्ह्यूपोर्ट-फिट कव्हर (viewport-fit=cover) हवं, नाहीतर इनसेट शून्यच येतो.

कीबोर्डचं दुखणं वेगळं. तो उघडला तरी आयफोनवर पानाची मांडणी आकसत नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोमनेही १०८व्या आवृत्तीपासून हीच रीत घेतली. चिकटवलेलं बटण मग कीबोर्डमागे जातं. म्हणून फॉर्ममध्ये मी ते सरळ शेवटच्या रकान्याखाली ठेवते. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोनवर सफारी बोट लावताच झूम करतं. यावर झूमच बंद करणारे महाभाग भेटतात. कमी दिसणाऱ्यांनी काय करायचं मग? अक्षरं मोठी करा. ओटीपीच्या रकान्याला कोडमध्ये टाइप नंबर नको. टेक्स्ट ठेवा, इनपुटमोड न्यूमेरिक आणि ऑटोकंप्लीट वन-टाइम-कोड द्या. आकड्यांचा कीबोर्ड येतो आणि आयफोन मेसेजमधला कोड स्वतःच सुचवतो.

बॅकचा विचार डिझाइनमध्येच करा. स्क्रीनभर फिल्टर उघडला की माणूस तो बंद करायला बॅकच करतो. आख्खं पान मागे गेलं तर निवडलेलं सगळं पाण्यात! फिल्टर उघडताना ब्राउझरच्या हिस्टरीत एक नोंद टाकायला डेव्हलपरला सांगा, म्हणजे बॅकने फक्त फिल्टर बंद होईल.

टॅपच्या जागेसाठी अ‍ॅपल ४४ पॉइंट सांगतं, गुगल ४८ डीपी (अँड्रॉइडचं माप), आणि वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांची किमान अट २४ पिक्सेलची. मी ४८ धरते. चिन्ह लहानच राहू द्या, भोवती पॅडिंग वाढवा. होव्हरवर, म्हणजे माउस वर नेल्यावरच दिसेल असं, काहीही लपवू नका.

तपासणी खऱ्या फोनवरच. डेस्कटॉपच्या मोबाइल व्ह्यूमध्ये बार आकसत नाही, कीबोर्ड वर येत नाही. पान उघडा आणि स्क्रोल न करता बटण दिसतं का बघा. मग शेवटच्या रकान्यात टाइप करा, फोन आडवा करा, पुन्हा उभा करा.